दोन तास बाजरी, एक तास तूर



आज मी कोरडवाहू शेतीतल्या आंतरपिकाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. आंतरपीक हा शब्द कृषिखात्याचा, पण वस्तू तुमच्या घरचीच आहे. बाजरीत तूर, ज्वारीत तूर, हलक्या रानात बाजरीत मटकी, कपाशीत मूग किंवा उडीद हे सारे आपले वाडवडील पेरीत आले. मग जे आजोबाला ठाऊक होते त्यावर नातवाला भाषण कशाला द्यायचे, असे कोणी विचारील. तर मंडळी, त्याला कारण आहे. ही चाल आता पुष्कळ ठिकाणी मोडली आहे, आणि जिथे टिकली आहे तिथे बऱ्याचदा ती मापाशिवाय चालली आहे. माप चुकले की आजोबाची युक्तीही नातवाला बुडवते. आमच्या घरी दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

आमचे गाव सांगोला तालुक्यात. पाटाचे पाणी नाही, आणि विहीर आहे ती उन्हाळ्यात तळ दाखवते. मी पुढे शिक्षक झालो, पण ही गोष्ट मी स्वतः पाचवी-सहावीत असेन तेव्हाची. आमच्याकडे संकरित बाजरीचे बी तेव्हा नवे नवे आले होते. कणीस भरघोस, आणि तीन महिन्यांच्या आत रान मोकळे. वडिलांनी ठरवले, यंदा बाजरीत तूर टाकायची नाही. सगळे रान बाजरीचे. आजी उंबऱ्याशी बसून म्हणाली, “आरं, चार तास तुरीचं टाक की. बाजरी गेली तर पोरांस्नी काय घालशील?” वडील म्हणाले, “आये, तूर पौषापातुर रानात बसून ऱ्हाती. तिच्यापायी बाजरी घटती.” दोघांचेही बोलणे आपापल्या परीने खरे होते.

मृग चांगला बरसला. आर्द्राही पडल्या. बाजरी गुडघ्याला लागली, मग कमरेला. वडील रोज संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहत. बाजरी पोटरीत आली आणि पाऊस गेला. पुष्य कोरडे, आश्लेषा कोरड्या, मघाही कोरड्या. कणीस बाहेर पडले ते पांढरेफटक. दाणा भरलाच नाही. शेवटी वडिलांनी बाजरी कापून जनावरांपुढे टाकली. आणि त्यानंतर उत्तरा आणि हस्त असे लागले की ओढा दोन दिवस उतरू देईना. तो सगळा पाऊस आमच्या मोकळ्या रानावर पडला. आमचे रान हात-सव्वा हात मातीचे, खाली मुरूम. त्यात रब्बीची ज्वारी तग धरीत नाही. बांधापलीकडे चुलत्यांचे रान. त्यांचीही बाजरी आमच्यासारखीच गेली होती, पण तिच्यात तुरीच्या ओळी होत्या. उन्हात माना टाकलेली ती तूर हस्ताच्या पाण्यावर उठली, फांद्या फुटल्या, आणि दिवाळीला पिवळीधमक फुलली. त्या वर्षी आमच्या घरातली डाळ चुलत्यांच्या घरून आली. आजी एका शब्दाने बोलली नाही. वडिलांना तेच जास्त लागले.

दुसऱ्या वर्षी वडिलांनी उलट चूक केली. त्यांनी तुरीचे बी बाजरीत सढळ हाताने कालवले आणि एकाच चाड्यातून सोडले. कुठे तुरीचा झुबका उगवला, कुठे चार चार हात तूरच नाही. कोळपे नीट चालेना, खुरपणीला बाया दुप्पट लागल्या, आणि बाजरी कापताना तुरीचे शेंडे विळ्याखाली गेले. पाऊस बरा असूनही दोन्ही पिके बेताचीच आली.

दोन वर्षांत दोन धडे मिळाले. कोरडवाहू रानात सगळा हंगाम एका पिकावर लावू नये, हा पहिला. दोन पिके घ्यायची तर ओळीने आणि मापाने घ्यावीत, हा दुसरा. आता या दोन्ही धड्यांमागचे कारण पाहू.

प्रथम पावसाचे पाहा. सोलापूर, अहिल्यानगर, सांगली-साताऱ्याचा पूर्व भाग, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, बीड-धाराशिवचा काही भाग, हा आपला अवर्षणप्रवण पट्टा. इथे वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ७५० मिलिमीटर. तो सुद्धा सलग येत नाही, दोन हप्त्यांत येतो. पहिला हप्ता जून-जुलैचा, दुसरा सप्टेंबरचा. आणि दुसराच बहुधा मोठा असतो. मधे कित्येकदा तीन तीन, चार चार आठवड्यांची उघडीप पडते. पहिला हप्ता चुकला तर दुसरा येतो, किंवा पहिला आला तर दुसरा दगा देतो. दोन्ही हप्ते पुरते चुकण्याची वर्षेही येतात, १९७२ सालासारखी. पण ती त्या मानाने थोडी.

आता पिकांचे पाहा. बाजरी ७५ ते ९० दिवसांत घरी येते. तूर जातीप्रमाणे १५० ते १८० दिवस घेते. म्हणजे बाजरी पहिल्या हप्त्याची धनी आणि तूर दुसऱ्या हप्त्याची. शिवाय तूर पहिले दीड-दोन महिने फार हळू वाढते. बाजरी कमरेला लागते तेव्हा तूर बिचारी तिच्या सावलीत वीत-दीड वीत असते. पण त्याच काळात ती आपले सोटमूळ खाली सोडीत असते. बाजरीची मुळे मुख्यतः वरच्या थरातली ओल पितात. तुरीचे मूळ जमीन मिळेल तसे चार-पाच फूट खाली जाते, मुरमाच्या भेगांतही शिरते. एक वरच्या माळ्यावर, एक खालच्या. एक आधी जेवणार, एक मागून. म्हणून एका घरात दोघांचे पटते. बाजरी निघाली की तुरीला सारे ऊन आणि सारी जागा मिळते, आणि नेमका तेव्हाच सप्टेंबरचा पाऊस येतो.

हे आपले अनुभवाचे बोल झाले. शास्त्राने त्याचे मोजमाप केले आहे. आपल्या सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. पुढे १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू प्रदेशांसाठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. तिला इक्रिसॅट म्हणतात. तिथल्या एम. आर. राव आणि आर. डब्ल्यू. विली या दोघा शास्त्रज्ञांनी ज्वारी आणि तूर यांच्या ९४ प्रयोगांचे आकडे एकत्र करून १९८० साली एक हिशेब मांडला. त्यांनी प्रश्न असा विचारला: एक ठरावीक किमान उत्पन्न धरले, आणि त्याच्या खाली गेले की ‘वर्ष बुडाले’ असे म्हटले, तर कोणत्या पद्धतीत किती वर्षांतून एकदा बुडायची पाळी येईल? उत्तर असे आले. नुसती तूर पेरणारा पाच वर्षांतून एकदा बुडेल. नुसती ज्वारी पेरणारा आठ वर्षांतून एकदा. आणि ज्वारीत तूर घेणारा छत्तीस वर्षांतून एकदा.

शिक्षकमित्रांनो, हा आकडा वर्गात फळ्यावर लिहा. शेतकरी ऐन उमेदीत छत्तीस वर्षे शेती करतो असे धरा. नुसत्या तुरीने त्याच्यावर सात वेळा सावकाराच्या दारात जायची पाळी येईल, नुसत्या ज्वारीने चार-पाच वेळा, आणि दोन्ही एकत्र घेतली तर एकदा. तुमच्या गावी हेच आकडे जसेच्या तसे येतील असे नाही; जमीन आणि पाऊस बदलला की आकडा बदलतो. पण ओढा कुठे आहे ते यावरून कळते. कोरडवाहू शेतकऱ्याला एखाद्या वर्षी बंपर पीक येण्यापेक्षा घर बुडवणारी वर्षे कमी होणे मोलाचे असते. भरघोस वर्षाचा पैसा लग्नात नि घरात जातो. बुडालेल्या वर्षाचे कर्ज पाच वर्षे मानगुटीला बसते.

आता वडिलांचा आक्षेप घेऊ. “तुरीमुळे बाजरी घटते.” होय, थोडी घटते. ते लपवायचे कारण नाही. पण किती घटते आणि बदल्यात काय मिळते, याचा हिशेब करावा. समजा, एका रानात नुसती बाजरी १० क्विंटल येते. तेवढ्याच रानात नुसती तूर ६ क्विंटल येते. दोन्ही एकत्र पेरली तर बाजरी ८ आणि तूर ३ क्विंटल आली. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. बाजरी दहाची आठ, म्हणजे आठ-दशांश; तूर सहाची तीन, म्हणजे अर्धी. दोन्हींची बेरीज १.३. याचा अर्थ असा की एवढे धान्य वेगवेगळे पिकवायला १३० गुंठे लागले असते, ते आपण १०० गुंठ्यांत पिकवले. बेरीज एकाच्या वर गेली की एकत्र पेरणे फायद्याचे. एकाच्या खाली आली की पिके एकमेकांना खात आहेत. सहावी-सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

ही बेरीज एकाच्या वर ठेवण्याचे गुपित ओळींच्या मापात आहे. मध्यम जमिनीत बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक, अशी शिफारस आपल्या कृषी विद्यापीठाने केलेली आहे. दोन तास बाजरी, एक तास तूर. तास म्हणजे शाळेतला नव्हे, पाभरीचा. तीन फणांची पाभर असेल तर काम सोपे. मधल्या नळीचे तोंड चाड्यात चिंधीचा बोळा घालून बंद करा. मधल्या फणामागे वेगळी नळी बांधा आणि एका माणसाने तिच्यातून तूर सोडीत चालावे. कडेच्या दोन फणांतून बाजरी पडेल. पाभर वळून शेजारून परत आली की आपोआप दोन ओळी बाजरीच्या आणि एक तुरीची असा मेळ बसतो. ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र असेल तर बियांच्या पेटीत आडवी फळी घालून कप्पे पाडता येतात. दोन ओळींत अंतर एक ते दीड फूट. नुसत्या बाजरीला हेक्टरी ३ ते ४ किलो आणि नुसत्या तुरीला १२ ते १५ किलो बी लागते. इथे तुरीचे बी साधारण तिसरा हिस्सा पुरे. उगवल्यावर तुरीच्या ओळीत विरळणी करून दोन रोपांत वीतभर तरी अंतर राखा. जात निवडताना तूर मध्यम किंवा लवकर येणारी घ्या. बदनापूरची बीडीएन ७११ सुमारे १५० ते १५५ दिवसांत येते. हलक्या-मध्यम रानात फार उशिरा येणारी तूर शेंगा भरताना ओलीला मुकते.

ओळीने पेरले की कोळपणी होते, हा आणखी एक लाभ. पीक तीन आठवड्यांचे असताना एक आणि पुढे पंधरा दिवसांनी दुसरी कोळपणी चुकवू नका. वरची माती मोकळी झाली की जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल उडून जाणे कमी होते. बाजरी निघाल्यावर तुरीच्या ओळींमधून पुन्हा एकदा कुळव फिरवा, म्हणजे सप्टेंबरचा पाऊस वाहून न जाता जागीच मुरेल.

आता खताविषयी एक खुलासा. मी स्वतः कित्येक वर्षे वर्गात शिकवीत असे की कडधान्य हवेतला नत्र घेते आणि शेजारच्या बाजरीला देते. ऐकायला गोड, पण ते अर्धेच खरे आहे. तुरीच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्यांत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात आणि हवेतला नत्र पकडतात, हे खरे. परंतु तो नत्र तूर मुख्यतः स्वतःसाठी वापरते. उभ्या पिकात शेजारच्या बाजरीला त्यातला फार थोडा मिळतो. बाजरीला होणारा फायदा असा की जमिनीतल्या नत्रासाठी तूर तिच्याशी फारशी भांडत नाही. खरी कमाई पुढच्या पिकाची. तुरीचा पाला गळून रानात पडतो, मुळे कुजतात, आणि पुढच्या वर्षी त्या जागी पेरलेल्या पिकाला ते लागू पडते. म्हणून “तूर आहे, आता बाजरीला खत नको” असे म्हणू नका. बाजरीचे खत बाजरीच्या ओळीत, ओल असताना द्या. पुढच्या वर्षी तुरीची जागा बदला.

तुरीच्या बियाण्याला पेरणीआधी रायझोबियमचे संवर्धन लावावे. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे एक पाकीट. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. उन्हात ठेवलेत तर जीवाणू मरतात. रोगनाशक औषध लावायचे असेल तर ते आधी लावा, संवर्धन शेवटी.

शिक्षकांनी एक प्रयोग अवश्य करावा. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी तुरीचे एक रोप मुलांकडून खुरप्याने मातीसकट अलगद काढवा. उपटू देऊ नका. गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळे बादलीतल्या पाण्यात धुवा. गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असला तर जीवाणू कामावर आहेत; हिरवट किंवा करडी असली तर ती निकामी झाली. मुलांनी हे एकदा पाहिले की तीच घरी जाऊन वडिलांना सांगतात. मी स्वतः गाठी मोजायला शिकलो ते मुलांबरोबरच.

सोबतीचा रोगकिडींच्या बाबतीतही उपयोग आहे. ज्वारीच्या सोबतीत तुरीचा मर रोग कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. उंच ताटांवर पक्षी येऊन बसतात आणि शेंगा पोखरणाऱ्या अळ्या वेचतात. बसायला जागा नसली तर ते कशाला येतील?

पण हे औषध सगळ्या रानांना नाही. अगदी हलक्या, मुरमाड रानात तूर तग धरीत नाही. तिथे बाजरीत मटकी बरी. मटकी पसरते, रान झाकते आणि थोड्या ओलीवर निभावते. भारी काळ्या रानात, जिथे रब्बीची ज्वारी हमखास येते, तिथे ते रान त्या ज्वारीसाठी राखणेच शहाणपणाचे. मराठवाड्यात जिथे पाऊस जरा अधिक आहे, तिथे सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन ओळी घेतात. पाऊस लांबून जुलैचा मध्य उलटला तर बाजरीचा हट्ट सोडून सूर्यफूल आणि तूर यांचा विचार करावा.

आता गावाचा प्रश्न. पुष्कळांनी तूर का सोडली, हे मी माझ्या गावात विचारले. पाऊस, रोग ही कारणे लोक सांगतात. पण खरे कारण गुरे. बाजरी निघाली की शिवार मोकळे झाले असे समजून लोक गुरे-शेळ्या सोडतात, आणि ज्या एकट्याच्या रानात तूर उभी असते त्याचे नुकसान होते. एकट्याने राखण किती करायची? त्याला एकच उपाय आहे. शेजारच्या पाच-दहा जणांनी मिळून एकाच पट्ट्यात तूर घ्यावी आणि तूर निघेपर्यंत त्या पट्ट्यात गुरे सोडायची नाहीत, असा ठराव ग्रामसभेत करावा. तूर ही शेजाऱ्यांच्या एकीवर उभी राहते.

बाजाराचेही तसेच. २०१५ साली तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांपर्यंत चढली. ते पाहून पुढच्या हंगामात पुष्कळांनी नुसती तूर पेरली, आणि २०१७ च्या सुरुवातीला भाव क्विंटलला ५,०५० रुपये या हमीभावाच्याही खाली आले. ज्याच्या रानात बाजरीही होती त्याच्या घरी निदान भाकरी होती, आणि गुरांना सरमाड होते. भावाच्या मागे धावून एका पिकावरून दुसऱ्या एका पिकावर उडी मारणे म्हणजे जुगाराचा पट तोच, फक्त सोंगटी बदलली.

शेवटी ताटातले सांगतो. बाजरीच्या प्रथिनांत जे कमी असते ते डाळीत असते, आणि डाळीत जे कमी ते बाजरीत. म्हणून भाकरी आणि वरण एकत्र खाल्ले की पोराच्या अंगी लागते. जे ताटात एकमेकांना पूरक आहे ते रानातही पूरक आहे, हे आपल्या बायाबापड्यांना आधीपासून कळत होते. आमच्या आजीला अपूर्णांक येत नव्हते. पण “पोरांस्नी काय घालशील” हा तिचा प्रश्न त्या साऱ्या हिशेबाच्या मुळाशी आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच. येत्या मृगाला सगळे रान बदलू नका. एक एकर घ्या. त्यात दोन तास बाजरी, एक तास तूर पेरा. शेजारी थोड्या जागेत नुसती बाजरी आणि थोड्या जागेत नुसती तूर ठेवा. पावसाची तारीख, कोळपणीचा खर्च, धान्याचे वजन, सरमाडाच्या पेंढ्या आणि तुराट्यांचे भारे, सारे वहीत लिहा; वही मुलाच्या हाती द्या. गावच्या गुरुजींनी तो हिशेब वर्गात मांडावा. बेरीज एकाच्या वर आली तर पुढच्या वर्षी दोन एकर करा. खाली आली तर माप कुठे चुकले ते शोधा, आणि मला पत्र लिहून कळवा.